कोण, कुणावर, कुठल्या कोर्टात? आंतरराष्ट्रीय आणि युरोपीय कायद्यातल्या एलएलएमची उकल

युरोपातल्या अनेक विद्यापीठांत ‘आंतरराष्ट्रीय आणि युरोपीय कायदा’ अशा एकाच पाटीखाली एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, चालते. पाटी एक असल्यामुळे आपल्याकडून अर्ज करणाऱ्यांचा समज होतो की युरोपीय कायदा म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्याचाच युरोपापुरता तुकडा. पहिल्या सत्रात गाडी अडते ती इथेच. ही दोन वेगळी यंत्रं आहेत आणि त्यांतला फरक एका प्रश्नाने कळतो: कोण, कुणावर, कुठल्या कोर्टात दावा लावू शकतो? अभ्यासक्रम निवडताना, पेपर लिहिताना आणि पुढे नोकरी शोधतानाही हाच प्रश्न उपयोगी पडतो.

हेग: आधी संमती दाखवा

हेगच्या पीस पॅलेसमधलं आंतरराष्ट्रीय न्यायालय फक्त देशांमधले खटले ऐकतं. तिथे १५ न्यायाधीश असतात, प्रत्येकाची मुदत ९ वर्षांची. खटल्यातल्या देशाला त्या खटल्यापुरता आपला एक जादा न्यायाधीश नेमता येतो, म्हणून मतांची बेरीज कधी पंधराच्या वर जाते. माणूस, कंपनी, संस्था कुणालाही तिथे थेट जाता येत नाही. आणि देशालाही जाता येतं ते समोरच्या देशाने या कोर्टाचा अधिकार कुठल्या तरी मार्गाने मान्य केलेला असेल तरच.

भारत आणि पाकिस्तान याच दोन देशांचे दोन खटले शेजारी ठेवले की हे नीट दिसतं. ऑगस्ट १९९९ मध्ये कच्छच्या रणाजवळ भारतीय हवाई दलाने पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान पाडलं. पाकिस्तान हेगला गेला. राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद या कोर्टापुढे नेता येणार नाहीत, असं भारताने १९७४ च्या आपल्या घोषणापत्रात (कोर्टाचा अधिकार कुठल्या अटींवर मान्य, हे सांगणाऱ्या कागदात) लिहून ठेवलं होतं. २१ जून २००० रोजी कोर्टाने १४ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की हा खटला ऐकण्याचा अधिकारच आपल्याला नाही. विमान कुठे होतं, चूक कुणाची, या प्रश्नांपर्यंत गाडी पोचलीच नाही.

२०१७ मध्ये भारत, पाकिस्तानात फाशीची शिक्षा झालेल्या कुलभूषण जाधव यांचं प्रकरण घेऊन त्याच कोर्टात गेला तेव्हा घोषणापत्राच्या वाटेला गेलाच नाही. वाणिज्य दूतावाससंबंधांच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराला एक ऐच्छिक पुरवणी आहे: या करारावरून वाद झाला तर हेगला जाता येईल. दोन्ही देशांनी ती मान्य केली होती. कोर्टाचं दार उघडलं ते या पुरवणीमुळे, पण त्यातून आत नेता आली ती एकच गोष्ट: कलम ३६, म्हणजे अटकेतल्या नागरिकाला आपल्या वकिलातीशी संपर्क करू देण्याचं बंधन. १७ जुलै २०१९ च्या निकालात पाकिस्तानने हे कलम मोडल्याचं १५ विरुद्ध १ मताने ठरलं आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा असा आदेश झाला. शिक्षा रद्द करून सुटका करण्याची भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही. आपल्या वाहिन्यांनी त्या दिवशी पहिला भाग मोठ्याने सांगितला आणि दुसरा पुटपुटत. परीक्षेत दोन्ही लिहावे लागतात.

संमतीच्या या खेळात एक गोव्याकडचा धडाही आहे. दादरा-नगर हवेलीत सैन्य न्यायला वाट मिळावी म्हणून पोर्तुगालने १९ डिसेंबर १९५५ रोजी कोर्टाचा अधिकार मान्य केला आणि तीनच दिवसांनी, २२ डिसेंबरला, भारतावर दावा ठोकला. १९६० च्या निकालात माणसं, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्यापुरता वाटेचा हक्क मान्य झाला, शस्त्रं आणि सैनिकांसाठी नाही. आणि भारताने काही मोडलं नाही असंही ठरलं. भारताच्या नंतरच्या घोषणापत्रांत बारा महिन्यांची अट दिसते: समोरच्या देशाने दाव्याआधी किमान वर्षभर तरी अधिकार मान्य केलेला हवा. घोषणापत्रातली कुठलीही अट अशी कुठल्या तरी भीतीतून आलेली असते. ती भीती शोधायची सवय लागली की हा विषय रुक्ष वाटत नाही.

लक्झेंबर्ग: माणूस स्वतःच्याच कोर्टात जातो

आता दुसरं यंत्र. फान गेंड एन लोस या डच वाहतूक कंपनीने पश्चिम जर्मनीतून एक रसायन मागवलं. १९५७ च्या रोम कराराने, म्हणजे आजच्या युरोपीय संघाचा पाया घालणाऱ्या कराराने, सदस्य देशांना आपसातली जकात वाढवायला बंदी केली होती, पण डच सरकारने ते रसायन वेगळ्या वर्गात टाकलं आणि जकात ३ टक्क्यांवरून ८ वर गेली. कंपनी डच जकात न्यायाधिकरणात गेली. करार देशादेशांतला, मग त्याच्या जोरावर एखादी कंपनी आपल्याच सरकारला आपल्याच देशातल्या न्यायाधिकरणात खेचू शकते का? न्यायाधिकरणाने हा प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवला. ५ फेब्रुवारी १९६३ रोजी उत्तर आलं: हो, या करारातून नागरिकांना थेट हक्क मिळतात आणि राष्ट्रीय न्यायालयांनी ते जपले पाहिजेत. याला ‘थेट परिणाम’ म्हणतात. पुढच्या वर्षी फ्लामिनियो कोस्ता या मिलानच्या वकिलाने १,९२५ लिरांचं वीजबिल भरायला नकार दिला आणि त्यातून दुसरं तत्त्व निघालं: युरोपीय कायदा आणि देशाचा कायदा यांत विरोध आला तर युरोपीय कायदा वरचढ.

युरोपीय कायद्याची रोजची गाडी या दोन निकालांवर चालते. साधा नागरिक सहसा लक्झेंबर्गला जात नाही. तो आपल्या देशातल्या कोर्टात उभा राहतो आणि तिथला न्यायाधीश, आजच्या कराराच्या कलम २६७ नुसार, वर प्रश्न पाठवतो. लक्झेंबर्ग अर्थ सांगतं, निवाडा खालचं कोर्ट देतं. आपल्याकडच्या अपिलाच्या शिडीची सवय असलेला विद्यार्थी हे हमखास ‘अपील’ असं लिहितो आणि गुण घालवतो.

तिसरं कोर्ट स्ट्रासबुर्गला आहे, मानवी हक्कांचं. त्याचा युरोपीय संघाशी संबंध नाही. ते कौन्सिल ऑफ युरोप या ४६ देशांच्या वेगळ्या संघटनेचं आहे. तिथे माणूस देशावर थेट तक्रार करू शकतो, पण देशातले सगळे मार्ग संपल्यानंतर आणि अंतिम निर्णयापासून चार महिन्यांच्या आत. ही मुदत आधी सहा महिने होती, फेब्रुवारी २०२२ पासून चार झाली. जुनी पुस्तकं वाचून येणारे अजून सहाच लिहितात. नावांचा घोळ तर विचारूच नका. कौन्सिल ऑफ युरोप वेगळी, युरोपियन कौन्सिल म्हणजे संघातल्या देशप्रमुखांची बैठक, आणि नुसती ‘कौन्सिल’ म्हणजे मंत्र्यांची परिषद. पहिल्या आठवड्यातच हे तिन्ही एका कागदावर लिहून भिंतीला लावून ठेवावं.

द्राक्षं, हापूस आणि मिलानचं स्टेशन

युरोपीय संघ कायदा करतो तो मुख्यतः तीन रूपांत, आणि त्यांतली दोन महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला नाव माहीत नसतानाही ओळखीची आहेत.

रेग्युलेशन सगळ्या सदस्य देशांत जसंच्या तसं लागू होतं. देशाने वेगळा कायदा करायची गरज नसते. कीडनाशकांच्या अवशेषांचं २००५ चं ३९६ क्रमांकाचं रेग्युलेशन असंच आहे. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला एका किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग, इतकीच मुभा. २०१० मध्ये नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर सीसीसी या वाढनियंत्रकाच्या अवशेषांवरून युरोपात अडकले, त्यामागे हीच व्यवस्था होती.

डिसिजन ठरावीक बाबीपुरता असतो. १ मे २०१४ पासून युरोपने भारतातून येणारा आंबा, अळू, कारली, वांगी आणि पडवळ बंद केली, कारण मालात फळमाशीसारख्या किडी सापडल्या होत्या. बंदीचा कागद होता कमिशनचा डिसिजन. हापूसवरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली, म्हणजे एक अख्खा हंगाम हातचा गेला. एवढ्यासाठी संसदेत चर्चा लागली नाही की कुठल्या देशाला नवा कायदा करावा लागला नाही.

तिसरं रूप डायरेक्टिव्ह, आणि परीक्षेत विद्यार्थी पडतात ते इथे. डायरेक्टिव्ह देशांना सांगतो: अमुक तारखेपर्यंत अमुक उद्दिष्ट साधा, कायदा तुमच्या पद्धतीने करा. देशाने केलाच नाही तर?

जानेवारी १९८९. मिलानच्या मध्यवर्ती रेल्वे स्टेशनाजवळ पाओला फाचिनी दोरी या बाईंना एका विक्रेत्याने गाठून इंग्रजीच्या पत्रद्वारा शिकवणीच्या करारावर सही घेतली. चार दिवसांनी बाईंनी रजिस्टर पत्राने करार रद्द केला. दुकानाबाहेर गाठून केलेला करार सात दिवसांत मोडता येतो, असा युरोपीय डायरेक्टिव्ह होता. पण इटलीने तो मुदतीत, म्हणजे डिसेंबर १९८७ पर्यंत, आपल्या कायद्यात आणलाच नव्हता. कंपनीने पैशासाठी दावा लावला. प्रश्न सोडवायच्या पायऱ्या अशा: मुदत संपली आहे का? संपली. तरतूद स्पष्ट आणि बिनशर्त आहे का? आहे. डायरेक्टिव्ह उगारायचा कुणाविरुद्ध? दावा लावणाऱ्या खासगी कंपनीविरुद्ध. इथे गाडी थांबते. डायरेक्टिव्ह सरकारवर उगारता येतो, शेजाऱ्यावर नाही, कारण चूक सरकारची आहे. १४ जुलै १९९४ रोजी कोर्टाने हेच सांगितलं.

मग बाईंनी काय करायचं? पुढच्या दोन पायऱ्या उत्तरपत्रिकेत बहुतेक वेळा गाळल्या जातात. एक, इटालियन न्यायाधीशाने उपलब्ध इटालियन कायद्याचा अर्थ जमेल तितका डायरेक्टिव्हशी जुळवून घ्यावा. दोन, तेही जमत नसेल तर इटली सरकारकडून भरपाई मागावी. १९९१ च्या फ्रँकोविच निकालाने हा मार्ग उघडला. त्यासाठी डायरेक्टिव्हने माणसाला हक्क देणं, त्या हक्काचा आशय त्यातूनच कळणं आणि सरकारच्या चुकीमुळेच नुकसान होणं, या तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. आणि ‘सरकार’ या शब्दात सरकारी रुग्णालयासारखी संस्थाही येते, हे १९८६ च्या मार्शल निकालापासून पक्कं आहे. म्हणून प्रश्नात प्रतिवादी म्हणून पालिका, विद्यापीठ किंवा वीजकंपनी दिसली की आधी पेन खाली ठेवून ती कुणाच्या ताब्यात आहे ते बघायचं.

निकाल वाचणं ही वेगळी विद्या

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे शेकडो पानांचे, कवितेच्या ओळी पेरलेले निकाल वाचून गेलेल्याला लक्झेंबर्गचा निकाल कोरडा ठणठणीत वाटतो. त्याला कारण आहे. तिथे एकच निकाल येतो, विरोधी मत छापलं जात नाही. चर्चा फ्रेंचमध्ये होते आणि २७ देशांतून आलेल्या न्यायाधीशांना मान्य होईल असं वाक्य राहीपर्यंत बाकीचं खरडून काढलं जातं. कारणं समजून घ्यायची तर त्याआधी येणारं अॅडव्होकेट जनरलचं, म्हणजे कोर्टाला स्वतंत्र सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्याचं, मत वाचावं. ते बंधनकारक नसतं, पण युक्तिवाद तिथे मोकळेपणाने मांडलेला असतो. हेगला उलट: मुख्य निकालाइतकीच स्वतंत्र आणि विरोधी मतं महत्त्वाची, आणि विद्यार्थ्याला प्रबंधाचा विषय बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

खटल्याच्या क्रमांकातही माहिती असते. सी-९१/९२ म्हणजे न्यायालयाकडे १९९२ मध्ये आलेला ९१ वा खटला, हाच फाचिनी दोरीचा. क्रमांकापुढे टी असेल तर तो खालच्या जनरल कोर्टाचा. हे सगळे निकाल युर-लेक्स आणि क्युरिया या संकेतस्थळांवर फुकट मिळतात, त्यामुळे जाण्याआधीच दहा-बारा वाचून हा विषय आपल्याला झेपतो का ते घरबसल्या ठरवता येतं. त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नयेत.

आणखी एक सवय मोडावी लागते: पूर्वनिर्णयाची. हेगच्या कोर्टाच्या कायद्यातलं कलम ५९ सांगतं की निकाल त्या पक्षांपुरता आणि त्या खटल्यापुरताच बांधतो. प्रत्यक्षात कोर्ट स्वतःचे जुने निकाल सतत उद्धृत करतं, पण ‘बंधनकारक पूर्वनिर्णय’ असं लिहिलं की परीक्षकाची पेन्सिल थांबते.

वर्षभराचं ओझं

एका वर्षाची एलएलएम म्हणजे बहुधा ६० युरोपीय क्रेडिट. नेदरलँड्सच्या हिशेबात एक क्रेडिट म्हणजे २८ तास, एकूण १,६८० तास. आठवड्याला ४० धरले तर ४२ आठवडे. यात वर्गातले तास थोडे असतात, बाकी सगळं वाचन. म्हणून ‘दिवसाला दोनच तास कॉलेज, उरलेल्या वेळात काम करू’ हा हिशेब नोव्हेंबरपर्यंत कोसळतो.

प्रबंधाला साधारण १० ते १५ क्रेडिट. आपल्याकडून जाणाऱ्यांचा विषय पहिल्या मसुद्यात जवळजवळ नेहमीच अवाढव्य असतो: ‘दहशतवाद आणि आंतरराष्ट्रीय कायदा’. बारा-पंधरा हजार शब्दांत हा मावत नाही. हेगच्या कोर्टाने लाग्रां (२००१), अव्हेना (२००४) आणि जाधव (२०१९) या तीन खटल्यांत ‘फेरविचार’ या शब्दाचा अर्थ कसा बदलत नेला, एवढाच प्रश्न घेतला तर मावतो, आणि त्यात काही नवं सांगताही येतं.

कुठे जायचं हे वरच्या मूळ प्रश्नावरून ठरवावं. देशादेशांतले वाद, युद्धगुन्हे यांत रस असेल तर लायडन-हेग किंवा जिनिव्हा. कोर्टं आणि संस्था तिथेच आहेत. बाजारपेठ, स्पर्धा कायदा, डेटा संरक्षण हवं असेल तर ब्रुजचं कॉलेज ऑफ युरोप (१९४९ पासून चालतंय, पण इंग्रजीइतकीच फ्रेंच लागते), मास्ट्रिक्ट किंवा ल्युव्हेन. दोन्हींचा पाया हवा तर अॅमस्टरडॅमला एकाच एलएलएमखाली वेगवेगळ्या शाखा आहेत, आणि जर्मनीत झारब्र्युकनची युरोपा-इन्स्टिट्यूट आहे. नावापेक्षा विषयांची यादी वाचावी: पाटीवर ‘युरोपीय’ असून दहातले सात विषय मानवी हक्कांचे, असंही होतं.

अर्ज: गाडी कुठे चुकते

सत्र सप्टेंबरमध्ये सुरू होतं. तयारी आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून. शिष्यवृत्तीच्या तारखा बऱ्याचदा प्रवेशाच्या तारखेआधी, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत संपतात, आणि हे कळतं तेव्हा मार्च उजाडलेला असतो. शोधायची ठिकाणं: इरॅस्मस मुंडस, जर्मनीसाठी डाड, मुंबईची जे. एन. टाटा एंडोमेंट (ही कर्जाऊ असते), आणि अनुसूचित जातींतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती.

शेवटच्या सत्राचा निकाल उशिरा लागणं हा आपल्याकडचा जुना रोग. सशर्त प्रवेश मिळतो, पण अंतिम गुणपत्रिका उन्हाळ्यातल्या ठरलेल्या तारखेपर्यंत पोचली नाही तर व्हिसाची साखळीच तुटते. नेदरलँड्समध्ये व्हिसाचा अर्ज विद्यापीठच करतं आणि त्याला स्वतःच्या तारखा असतात. जर्मनीला जायचं तर नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं) सक्तीचं आहे, ते सगळ्यात आधी मागवावं. शिवाय ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. हा आकडा मधूनमधून वाढतो.

आपल्या कायद्याच्या परीक्षांत ५८ टक्के म्हणजे बरे गुण, हे तिकडच्या समितीला ठाऊक नसतं. कॉलेजकडून वर्गातला क्रमांक लिहून घ्यावा; एका ओळीचं ते पत्र टक्क्यांपेक्षा जास्त बोलतं. शिफारस शिकवलेल्या प्राध्यापकाची चालते, मोठ्या वकिलाचं ‘मुलगा होतकरू आहे’ चालत नाही. पदवीवर अपोस्टिलचा, म्हणजे कागद अस्सल असल्याचा परदेशात चालणारा, शिक्का लागू शकतो. तोही आंतरराष्ट्रीय कायद्याचंच अपत्य: १९६१ चा हेग करार, भारताला २००५ पासून लागू. राज्याकडून प्रमाणीकरण आधी, मग परराष्ट्र मंत्रालय. हा क्रम उलटला की कागद परत येतो.

पासपोर्ट आणि सनद

संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला डच विद्यापीठात फी साधारण १५ ते २५ हजार युरो, संघाच्या नागरिकाला नियमित मास्टरसाठी अडीच हजारांच्या आसपास. म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोव्याच्या मुलांना हा मार्ग स्वस्त पडतो, मात्र ‘अॅडव्हान्स्ड’ एलएलएमला ती सवलत बहुधा नसते. पण हा हिशेब पुरा करावा. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, आणि १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम २४ नुसार सनदेसाठी मुळात भारतीय नागरिकत्व लागतं. परक्या नागरिकाला सनद मिळते ती त्याचा देश भारतीयांना तशीच मुभा देत असेल तरच.

उलट बाजूनेही दार अर्धंच उघडतं. एलएलएम ही सनद नव्हे. एका सदस्य देशाच्या वकिलाला दुसऱ्या देशात वकिली करू देणारा १९९८ चा डायरेक्टिव्ह दोन गोष्टी मागतो: संघाचं नागरिकत्व आणि संघातल्या एखाद्या देशाची वकिलीची पात्रता. मुंबई किंवा गोवा विद्यापीठाची एलएलबी आणि लायडनची एलएलएम यांतून दुसरी गोष्ट तयार होत नाही, पासपोर्ट कुठलाही असो. त्यामुळे सुरुवातीला कामं मिळतात ती कोर्टाबाहेरची: न्यायालयं आणि संस्थांमधली इंटर्नशिप, बऱ्याचदा बिनपगारी, संशोधन, आणि डेटा संरक्षण किंवा कार्बन सीमाकर (आयात मालाच्या कार्बन उत्सर्जनावरची युरोपीय आकारणी) यांसारख्या नियमांचं पालन तपासण्याचं काम. पुण्यातली सॉफ्टवेअर कंपनी आणि युरोपला पोलाद किंवा अॅल्युमिनियम पाठवणारा निर्यातदार या दोघांनाही या कामासाठी आज माणसं लागतात. शिक्षण संपल्यावर काम शोधायला नेदरलँड्स एक वर्ष देतं, जर्मनी अठरा महिने. परतून इथे शिकवायचं असेल तर एका वर्षाच्या परदेशी एलएलएमवर बार कौन्सिलच्या २०२० च्या नियमांनी अटी घातल्या आहेत. समकक्षतेचं उत्तर फी भरण्याआधी लेखी मागून घ्यावं, फोनवरचं नको.